पावणेदोनशे कुठून आले?

या सदराच्या वाचकांना हिशेबाचे प्रश्न फार आवडतात, हे आम्ही आता पुरते ओळखून आहोत. उसाचा काटा, विजेचे बिल, सोसायटीचे व्याज, एस.टी.च्या तिकिटातले टप्पे. कशाकशाचा म्हणून हिशेब आम्हाला विचारण्यात आलेला नाही! परंतु यंदा पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाने जो प्रश्न आला, तो या सगळ्यांहून निराळा निघाला.

शिरूरचे एक गृहस्थ आहेत. धान्याची आडत, घराण्यातली तिसरी पिढी. रात्री दिवसाची रोकड जुळल्याशिवाय पानावर बसायचे नाही, हा वडिलांचा दंडक त्यांनी आजही पाळलेला. त्यांचा मुलगा दोनअडीच वर्षे मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. त्यांची बहीण दौंडला दिलेली, मेहुणे रेल्वेत. मे महिन्याच्या सुटीत भाच्याने मामेभावाचे पाहून त्याच ठिकाणी आपलेही नाव घातले. त्या घटकेला दोघांच्याही नावापुढे आकडा एकच होता : १५००. एकाने तो अडीच वर्षांत कमावलेला, दुसऱ्याला दारात पाऊल ठेवताच मिळालेला. दोघांचा डाव झाला. भाचा जिंकला. शिरूरच्या पोराचे ५ गुण गेले आणि दौंडच्या पोराचे १७५ वाढले.

"अहो, माझ्या पोराच्या नावे खर्च पाच, आणि भाच्याच्या खाती जमा पावणेदोनशे. मधले एकशे सत्तर कुठून आले? माझ्या दुकानात असे झाले तर दिवाणजी दुसऱ्या दिवशी घरी बसेल!" असे ते आम्हाला म्हणाले. भाच्याने काहीतरी लबाडी केली असावी अशी शंका त्यांच्या मनात होती, आणि ती त्यांनी बहिणीला बोलूनही दाखवली होती. त्यानंतर दोन्ही घरांत जरा अबोला होता. म्हणजे प्रश्न नुसत्या करमणुकीचा राहिला नव्हता.

शंका चुकीची, परंतु प्रश्न रास्त आहे. दुकानाच्या वहीत जमाखर्च जुळलाच पाहिजे. या वहीत तो का जुळत नाही, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

पूर्वी आपल्याकडे कोणाच्या नावापुढे असा आकडा नसे. जुनी माणसे शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात (म्हणून तिथल्या मुलांचा पटावरचा घोडा अधिक चांगला चालतो, असे मात्र आमच्या पाहण्यात नाही!). अशा गावांत वाड्याच्या ओसरीवर डाव मांडला जाई, भोवती दहाजण उकिडवे बसत, आणि कोण किती पाण्यात आहे हे साऱ्या आळीला तोंडपाठ असे. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या हे दोघे मिळून विजेते ठरले, तेही नुसत्या नावाने. मोजमाप होते ते माणसांच्या आठवणीत.

आठवणीवर चालते ते ओसरीपुरते. हजारो माणसे, शेकडो गावे, आणि एकमेकांची तोंडे कधी न पाहिलेली, तिथे काय करायचे? अमेरिकेतल्या बुद्धिबळ संघटनेपुढे हाच पेच होता. त्यांनी आधी एक पद्धत वापरून पाहिली होती, पण तिच्यात कधीकधी वेडेवाकडे निकाल निघत. तेव्हा त्यांनी मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठातल्या अर्पाद एलो या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला हाताशी धरले. एलो जन्माने हंगेरीचा, १९०३ सालचा, लहानपणीच अमेरिकेत आलेला. स्वतःही पट्टीचा खेळाडू. त्याची पद्धत अमेरिकन संघटनेने १९६० साली घेतली आणि १९७० साली फिडे या जागतिक संघटनेने. 'एलो' हे तीन इंग्रजी अक्षरांचे संक्षिप्त रूप आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ते आडनाव आहे, आपल्या जोशी-शिंद्यांसारखे.

एलोची युक्ती सांगायला बीजगणित लागत नाही, एक ताट पुरते.

समजा, डावाला बसण्यापूर्वी दोघा खेळाडूंनी मध्ये ताट ठेवले आणि दोघांनी मिळून त्यात २० गुण घातले. निम्मे निम्मे नव्हेत हं! ज्याच्या जिंकण्याची आशा जास्त, त्याने जास्त घालायचे. ही आशा किती, ते दोघांच्या गुणांतल्या फरकावरून ठरते. फरक शून्य असेल तर शंभरात पन्नास. १०० चा फरक असेल तर वरच्याला शंभरात ६४. २०० चा असला तर ७६, आणि ४०० चा असला तर ९१. आता एक १७०० चा आणि एक १५०० चा बसला. १७०० वाल्याने १५.२ घातले, १५०० वाल्याने ४.८. जो जिंकेल त्याने सगळे ताट उचलायचे. १७०० वाला जिंकला तर २० घेऊन उठेल, पण त्यातले १५.२ त्याचेच, पदरात नवे पडले ४.८. हरला तर १५.२ गेले. आणि बरोबरी झाली तर ताट अर्धे अर्धे, म्हणजे दहा दहा. १५.२ घालून १० घेऊन उठणाऱ्याचे ५.२ गुण बुडाले, जरी तो हरलेला नाही तरी. दुसऱ्याचे तेवढेच वाढले, जरी तो जिंकलेला नाही तरी.

थोडक्यात, ही वही जिंकलेले डाव मोजतच नाही. अपेक्षा किती होती आणि हाती काय आले, यांतली तफावत मोजते. दौंड-शिरूरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण पैसेवारी त्याच्या चांगल्याच ओळखीची आहे. या शिवारात एवढ्या जमिनीत एरवी किती पिकते आणि यंदा किती पिकले, त्यावरून पैसेवारी निघते. चार पोती धान्य झाले, हे नुसते सांगून काही कळत नाही. खडकाळ माळावर चार पोती म्हणजे दिवाळी, आणि भीमेकाठच्या काळ्या रानात चार पोती म्हणजे पैसेवारी पन्नासच्या आत.

हे ध्यानात आले की मुलांची एक नेहमीची तक्रार आपोआप विरते. "काका, दहा डाव ओळीने जिंकलो तरी गुण काही वाढले नाहीत, आणि एक हरलो तर सगळे धुऊन गेले!" बाळा, तू खेळलास कोणाशी? आपल्याहून ४०० गुणांनी खालच्यांशी. तिथे प्रत्येक विजयाला मिळतात १.८, म्हणजे दहा विजयांचे १८. आणि एका पराभवाचे जातात १८.२. तुझी वही अगदी बरोबर आहे, उलट दोन दशांश तुझ्याच नावावर बाकी निघते.

मोठ्यांच्या वहीतही हाच हिशेब. २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरांटोला जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा झाली. आपला नाशिकचा विदित गुजराथी तिथे होता. त्याचे गुण २७२७. समोर अमेरिकेचा हिकारू नाकामुरा, गुण २७८९. फरक ६२ चा. फिडेच्या कोष्टकाप्रमाणे अशा वेळी वरच्याला शंभरात ५९, खालच्याला ४१. एवढ्या मोठ्या खेळाडूंसाठी ताट लहान असते, फक्त १० गुणांचे. तेव्हा नाकामुराने घातले ५.९ आणि विदितने ४.१. विदित जिंकला. पुढे पुन्हा गाठ पडली, पुन्हा जिंकला! दोन डावांत ११.८ गुण वाढले. परंतु १४ डावांत त्याचे एकंदर ६ च गुण झाले आणि त्याच्याकडून अपेक्षा त्याहून थोडी जास्त होती. त्यामुळे स्पर्धा संपली तेव्हा त्याचा आकडा वाढण्याऐवजी किंचित उतरलाच. नाकामुराला दोनदा हरवल्याचा आनंद निराळा, वही निराळी.

ताटाचा आकार सगळ्यांना सारखा नसतो, हे वर ओघात येऊन गेले. फिडेच्या नियमाप्रमाणे नव्या खेळाडूचे पहिल्या ३० डावांपर्यंत ताट ४० चे, एरवी २० चे, आणि एकदा २४०० गुण गाठले की कायमचे १० चे. अठरा वर्षांच्या आतल्या मुलांचेही २३०० पर्यंत ४० चेच. म्हणजे कोवळ्या रोपाला जास्त पाणी आणि जुन्या झाडाला कमी.

आता एक गोष्ट आमच्यासारख्या जुन्या माणसांना खटकणारी. आपल्या देशी बुद्धिबळात मात कशी केली याला मोल असे. प्याद्याने मात केली, तर वजिराच्या मातीपेक्षा तिचा मान मोठा. हरणाऱ्याला ती आठवडाभर झोंबत राही. या नव्या वहीला त्याचे काहीच नाही. वीस चालींत सुरेख मात केलीत, साठ चालींत कसाबसा जिंकलात, समोरच्याने कंटाळून डाव सोडला, की त्याचे घड्याळ संपले, सगळे सारखे. इतकेच काय, पाटसच्या पुढे गाडी गेली आणि मोबाइलची रेंज गेली, तरी तो पराभवच. दौंडचा भाचा एकदा आपल्या बाजूला अख्खा हत्ती जास्त असताना असाच हरला आणि घरी येऊन रडला म्हणे. त्याला आम्ही सांगितले, बाबा रे, तू एकटा नाहीस.

२०२० साली साथीमुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड प्रथमच तारेवरून, म्हणजे आपापल्या घरी संगणकापुढे बसून झाले. भारतीय संघाचा कप्तान विदित गुजराथी. संघात नागपूरची दिव्या देशमुख, वय वर्षे चौदा. ३० ऑगस्टला रशियाशी अंतिम सामना. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत जगभर इंटरनेटची मोठी यंत्रणा कोसळली आणि निहाल सरीन व दिव्या या दोघांची जोडणी डाव चालू असताना तुटली. दोघेही वेळ संपून हरले, असे यंत्राने जाहीर केले. भारताने दाद मागितली आणि फिडेच्या अध्यक्षांनी भारत व रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिले. यंत्राने विचारले नव्हते, ते माणसाने विचारले. अर्थात तिथे दाद मागायला पंच होता. रोज रात्री गादीवर लोळत खेळणाऱ्यांसाठी पंच कुठून आणायचा? एक मात्र खरे, की समोरचा यंत्राची मदत घेऊन खेळत होता असे पुढे उघडकीस आले, तर मोठ्या संकेतस्थळांवर गेलेले गुण परत मिळतात. रेंजचे मिळत नाहीत.

आता आडतदार गृहस्थांकडे वळू.

एलोच्या ताटात त्यांचा जमाखर्च बहुतेक जुळला असता. एकाचे गेले तेवढे दुसऱ्याला मिळाले असते. परंतु मोबाइलवर जो हिशेब चालतो तो एलोचा नव्हे, त्याच्या पुढचा आहे. अमेरिकेतच मार्क ग्लिकमन नावाचा एक संख्याशास्त्रज्ञ आहे. १९९५ च्या सुमारास त्याने एक साधाच मुद्दा काढला. एलोच्या वहीत १५०० म्हणजे १५००. पण अडीच वर्षे खेळून १५०० वर स्थिरावलेला आणि आजच आलेला, हे दोघे सारखे कसे? पहिल्याबद्दल आपल्याला खात्री आहे. दुसऱ्याबद्दल काहीही ठाऊक नाही, १५०० हा निव्वळ अंदाज. म्हणून ग्लिकमनने प्रत्येकाच्या नावापुढे दोन आकडे ठेवले : एक गुणांचा आणि दुसरा शंकेचा. नव्या माणसाची शंका त्याने ३५० धरली. याचा अर्थ, हा खेळाडू ८०० पासून २२०० पर्यंत कुठेही असू शकेल. ८०० म्हणजे सोंगट्या कशा चालतात एवढेच माहीत असलेला, आणि २२०० म्हणजे जिल्ह्यात कोणाला न आवरणारा! जो नेहमी खेळतो त्याची शंका उतरत उतरत ५० च्या आसपास येते.

या पद्धतीत मधले एक ताट नाही. दोघांची दोन ताटे. ज्याच्याबद्दल शंका मोठी त्याचे ताट मोठे, ज्याच्याबद्दल खात्री त्याचे लहान. शिरूरच्या पोराची शंका ५० धरून आणि दौंडच्या पोराची ३५० धरून आम्ही ग्लिकमनच्या सूत्राने आकडेमोड केली. जिंकणाऱ्या नव्याचे वाढले १७५, हरणाऱ्या जुन्याचे गेले ५. पैसुद्धा इकडेतिकडे नाही. शिवाय त्या एका डावाने नव्याची शंका ३५० वरून २४८ वर आली. जुन्याचे पाचच का गेले, तर यंत्र म्हणते, हा कोणाशी हरला हेच मला नीट माहीत नाही, कदाचित समोरचा फार चांगलाही असेल. मग याला कशाला शिक्षा?

गृहस्थांनी कागद दोनदा तपासला. म्हणाले, "म्हणजे हे पैसे नव्हेतच!" नव्हेतच. त्यांनी याला रोकड मानले होते. हा तर मालाचा अंदाज आहे. आडतीवर नवा शेतकरी पहिल्यांदा पोते घेऊन येतो तेव्हा बंबी खुपसून मूठभर दाणे पाहतात आणि दर बोलतात. चार मुठी चांगल्या निघाल्या की दर एकदम चढतो. वीस वर्षे माल घालणाऱ्याचा दर एका मुठीने किती हलणार? वर चढलेला दर दुसऱ्या शेतकऱ्याच्या खिशातून येत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन केला. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

परंतु या दोन गावांचा आणखी एक पैलू आहे, आणि आमच्या मते तो सगळ्यांत रंजक. समजा, मोबाइल नाहीत. शिरूरचे पन्नास खेळाडू आपापसात खेळताहेत, दौंडचे पन्नास आपापसात. दोन्हीकडे सर्वांना आरंभी १५०० दिलेले. शिरूरला एक उत्तम शिक्षक आला आणि वर्षभरात पन्नासही जण सुधारले. त्यांचे गुण वाढतील काय? मुळीच नाही! एलोच्या ताटात गुण एकाकडून दुसऱ्याकडे जातात, सरासरी १५०० च राहणार. शिरूरचा १५०० आणि दौंडचा १५०० यांत आता जमीनअस्मानाचा फरक आहे आणि दोन्ही वह्या त्याबद्दल मूग गिळून आहेत. हे कळणार कधी? शिरूरचे चारजण न्हावरे, पारगाव करीत चौफुल्याला येतील, तिथून पाटसमार्गे दौंडला जातील आणि दौंडकरांना चोपून परततील तेव्हा. घोडनदीचे पाणी भीमेला मिळाल्याशिवाय कुठले किती गढूळ हे कसे समजायचे?

याचे टोकाचे उदाहरण अमेरिकेत घडले. व्हर्जिनियाच्या तुरुंगात क्लॉड ब्लडगुड नावाचा जन्मठेपेचा कैदी होता. बुद्धिबळाचा नादी. तुरुंगात त्याने स्पर्धा भरवल्या. नवे कैदी यायचे, त्याच्याशी खेळून हरायचे, गुण त्याच्या पदरात टाकायचे. चार भिंतींत दुसरे कोणी येत नाही, हा बाहेर जात नाही. होता होता १९९६ साली त्याचे गुण २७०० च्या वर गेले आणि कागदावर तो देशातल्या अव्वल खेळाडूंत जाऊन बसला! तो बरा खेळाडू होता, पण तेवढा नव्हे. संघटनेची मोठी धांदल उडाली.

त्याच्या उलट आपल्या पुणे जिल्ह्यातलीच एक गोष्ट. येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहातल्या कैद्यांना इंडियन ऑइलच्या 'परिवर्तन' उपक्रमातून बुद्धिबळ शिकवले गेले. कैद्यांसाठी फिडे तारेवरून एक आंतरखंडीय स्पर्धा घेते. २०२३ साली येरवड्याच्या संघाने तिथे सुवर्णपदक मिळवले. माणसे भिंतींच्या आतच राहिली, पण डाव बाहेर गेला. आपसांत खेळून कोणाचे किती झाले असते कोण जाणे. देशोदेशींच्या संघांशी खेळल्यावर त्याला अर्थ आला.

म्हणूनच एका संकेतस्थळावरचा १८०० आणि दुसऱ्यावरचा १८०० सारखा नसतो, आणि दोन्ही फिडेच्या १८०० सारखे नसतात. माणसे निराळी, आरंभाचे गुण निराळे. पाच मिनिटांच्या झटपट डावांची वही निराळी आणि सावकाश डावांची निराळी. पॅसेंजर आणि एक्स्प्रेस एकाच दौंड जंक्शनवर थांबतात म्हणून त्यांचे वेळापत्रक एक होत नाही.

आकडा ही मिळकत नव्हे, याचा पुरावा खुद्द फिडेनेच दिला आहे. खालच्या पायऱ्यांवरच्या खेळाडूंचे गुण वर्षानुवर्षे घसरत चालले होते, कारण झपाट्याने सुधारणारी पोरे कमी गुण घेऊन येत आणि जुन्यांचे गुण ओरबाडून नेत. तेव्हा १ मार्च २०२४ रोजी फिडेने २००० च्या खालच्या सगळ्यांचे गुण एकदम वाढवले. २००० ला जेवढे कमी, त्याचे चाळीस टक्के वर घालायचे. १५०० चा माणूस रात्री झोपला आणि सकाळी १७०० चा होऊन उठला. एक प्यादे न हलवता! शेजारी बसणारा १६०० चा त्याच रात्री १७६० चा झालेला. दोघांचा डाव पूर्वीसारखाच.

हे सारे सांगून झाल्यावर दौंडच्याच एका घरची हकीकत सांगायची राहते, आणि ती आम्हाला आडतदारांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागली. मुलगी आठवीत. मोबाइलवर तिचा आकडा गेल्या फेब्रुवारीत १६१२ झाला. वडिलांना कोण कौतुक! त्यांनी तो आकडा व्हॉट्सॲपवर लावला, नातेवाइकांना कळवला, एका समारंभात कोणीतरी तिचा नारळ देऊन सत्कारही केला. आणि त्या दिवसापासून मुलगी खेळायची थांबली. वार्षिक परीक्षा झाली, सुटी झाली, शाळा उघडली, गणपती बसून उठले. आम्ही सहज विचारले, का गं, खेळत नाहीस हल्ली? ती पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरीत म्हणाली, "काका, खेळले तर कमी होतील ना!"

वडील शेजारीच होते. ते म्हणाले, "आम्हीच म्हटले, राहू दे जरा. दिव्या देशमुखसारखे व्हायचे तर आकडा जपायला नको?"

दिव्याने काय केले ते त्यांना सांगणे भाग होते. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक झाला. दिव्याचे गुण २४६३, मानांकन पंधरावे. आकड्याच्या भरवशावर कोणी तिच्यावर पैज लावली नसती. तिने झू जिनर, हरिका, तान झोंगयी आणि शेवटी कोनेरू हम्पी, अशा एकीहून एक वरच्या बायकांना हरवले. ग्रँडमास्टर व्हायला एरवी २५०० गुण गाठावे लागतात. ती विजेतेपदामुळे थेट झाली. आकडा जपत बसली असती तर बातुमीला गेलीच नसती.

आणि दुसरे असे, की हा आकडा जपून जपता येतच नाही. ग्लिकमनच्या वहीत जो खेळत नाही त्याची शंका महिन्यागणिक वाढत जाते. गुण तेवढेच दिसतात, पण यंत्र मनात म्हणते, ही पोरगी फेब्रुवारीत कशी खेळायची ते मला ठाऊक आहे, आज कशी खेळेल देव जाणे. पुष्कळ दिवस गेले तर काही ठिकाणी आकड्यापुढे प्रश्नचिन्हसुद्धा उमटते. वडिलांनी हे ऐकले आणि विचारले, "म्हणजे न खेळताही जातात?" आम्ही म्हटले, गुण जात नाहीत, खात्री जाते. त्यांनी मोबाइल हातात घेऊन १६१२ कडे बराच वेळ पाहिले.

दसऱ्याच्या संध्याकाळी मुलीने सात महिन्यांनी पहिला डाव मांडला. हरली. पूर्वी बरोबरीच्या खेळाडूशी हरली की सहासात गुण जायचे, या वेळी अठरा गेले. वाढलेल्या शंकेचा तो हिशेब. दुसरा डाव जिंकली, तेव्हा जवळजवळ तेवढेच परत आले. तिसऱ्यात वजीर फुकट घालवला आणि स्वतःच खो खो हसली. त्यानंतर आजीने पाने वाढल्याची हाक देईपर्यंत किती डाव झाले आणि आकडा कुठे थांबला, हे आम्ही वडिलांना विचारले. त्यांनी पाहिले नव्हते.